काम दिलं, पण त्यातले निर्णय तुमच्याकडेच राहिले

प्रश्न थोडक्यात असा आहे: सात जणांची टीम, मॅनेजर होऊन काही महिनेच झालेत. कामं वाटून दिली जातात, पण अर्धवट किंवा चुकीची होऊन परत येतात. ‘समजावत बसण्यापेक्षा मीच पटकन करून टाकतो’ असं म्हणत तुम्ही रात्री उशिरापर्यंत बसता आणि टीम वेळेवर घरी जाते. वरिष्ठ सांगतात, ‘जरा डेलिगेट करायला, काम सोपवायला शिका.’ पण म्हणजे नेमकं काय करायचं, हे कुणी सांगत नाही.

‘माझा लोकांवर विश्वास बसत नाही, हाच दोष असेल का?’ असंही तुम्ही विचारलंय. मला तसं वाटत नाही. विश्वास नसता तर तुम्ही काम दिलंच नसतं. तुम्ही ते देता आणि मग ते परत येतं. बहुतेक ठिकाणी याचं कारण असं असतं की काम दिलं जातं, पण त्यात दडलेले निर्णय मॅनेजरच्या डोक्यातच राहतात.

दर महिन्याच्या विक्रीच्या रिपोर्टचं उदाहरण घेऊ. वरवर पाहिलं तर आकडे गोळा करायचे, शीटमध्ये भरायचे, दोन तक्ते करायचे आणि मेल पाठवायचा, एवढंच. पण करायला बसलं की प्रश्न सुरू होतात. परत आलेला माल विक्रीतून वजा करायचा की वेगळा दाखवायचा? एका शाखेचे आकडे आलेच नाहीत तर थांबायचं, की ती शाखा वगळून तळटीप द्यायची? तुलना मागच्या महिन्याशी करायची की मागच्या वर्षीच्या याच महिन्याशी? अकाउंट्सचा आकडा आणि आपला आकडा जुळला नाही तर कोणता धरायचा? तुम्ही हे सगळं इतक्या वेळा केलंय की हे निर्णय आहेत हेच तुमच्या लक्षात येत नाही. ज्या सहकारिणीला तुम्ही रिपोर्ट दिलात, तिच्यापुढे दोनच वाटा उरतात. दर पंधरा मिनिटांनी येऊन विचारायचं, किंवा अंदाजाने पुढे जायचं. पहिल्यात तुम्ही वैतागता, दुसऱ्यात रिपोर्ट चुकतो आणि दोन्हींचा अर्थ तुम्ही ‘हिला जमत नाही’ असा लावता.

म्हणून कुठलंही काम देण्याआधी दहा मिनिटं काढून त्यात कुठेकुठे ठरवावं लागतं, तेवढंच लिहून काढा. पायऱ्या लिहिण्यापेक्षा याचा उपयोग जास्त होतो, कारण पायऱ्या माणूस बघून शिकतो, पण निकष कुणी सांगितल्याशिवाय कळत नाहीत.

आता, काम द्यायचं का आणि किती मोकळीक द्यायची, हे तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. चूक झाली तर ती दुरुस्त करता येते का, हा पहिला प्रश्न. आतल्या आत फिरणाऱ्या ड्राफ्टमधली चूक दुसऱ्या दिवशी सुधारता येते. ग्राहकाला गेलेला दर किंवा बँकेतून सुटलेलं पेमेंट मागे घेता येत नाही. दुसरं म्हणजे काम एकदाच व्हायचं आहे की पुन्हा पुन्हा. तिसरं, समोरचा माणूस *या* कामात किती मुरलेला आहे. इथे गफलत फार होते. इंटेल या चिप बनवणाऱ्या कंपनीचे माजी प्रमुख अँडी ग्रोव्ह यांनी यावर नेमकं बोट ठेवलं होतं: माणसाची तयारी त्या-त्या कामापुरती मोजायची असते, एकूण अनुभवावरून नाही. दहा वर्षं उत्तम कोडिंग करणारा माणूस ग्राहकासोबतच्या पहिल्या वाटाघाटीत नवखाच असतो. त्याला ‘तू सीनियर आहेस, बघून घे’ म्हणणं ही मोकळीक नाही. तुम्ही त्याला वाऱ्यावर सोडलेलं असतं.

‘समजावण्यात जातो त्यापेक्षा कमी वेळात मी करतो’ हे पहिल्या वेळेपुरतं शंभर टक्के खरं आहे, त्यामुळे ते नाकारण्यात अर्थ नाही. हिशोब मात्र वर्षाचा करा. समजा हा रिपोर्ट तुम्हाला महिन्याला ३ तास घेतो. तो दुसऱ्याला दिलात तर पहिल्या महिन्यात शिकवणं, तपासणं आणि दुरुस्त्या धरून तुमचे ५ तास जातील. दुसऱ्या महिन्यात ३, तिसऱ्यात दीड आणि चौथ्यापासून फक्त नजर टाकायला अर्धा तास. पहिल्या तीन महिन्यांत तुमचे साडेनऊ तास गेले, स्वतः केलं असतं तर नऊ गेले असते. म्हणजे तिसऱ्या महिन्याअखेरीस तुम्ही अजून अर्ध्या तासाच्या तोट्यात आहात आणि बरेच मॅनेजर नेमके याच टप्प्यावर काम परत ओढून घेतात. वर्षाचा आकडा बघा: स्वतः केलं तर ३६ तास, सोपवलं तर १४. तुमचे आकडे वेगळे असतील, पण गणिताचा साचा हाच राहतो. आणि याच गणितातून उलटही निघतं: काम दोनदाच व्हायचं असेल तर ते तुम्हीच करून टाकलेलं बरं. सगळंच सोपवायला हवं असा काही नियम नाही.

सुरुवात कुठून करायची? एक आठवडा तुम्ही काय काय करता ते अर्ध्या-अर्ध्या तासाच्या नोंदीत टिपा. त्यातून नियमित होणारं, चुकलं तरी सावरता येणारं आणि महिन्याला दोन-तीन तास खाणारं एक काम निवडा. एकच. एकदम पाच कामं दिलीत तर पाचही ठिकाणी शिकवायचा वेळ एकाच आठवड्यात अंगावर येतो आणि शुक्रवारपर्यंत तुम्ही पुन्हा सगळं स्वतः करत असता.

सोपवण्याचं बोलणं वीस मिनिटं ते अर्धा तास चालतं आणि ते बसूनच करावं लागतं. कॉरिडॉरमध्ये ‘तो रिपोर्ट जरा बघशील का’ म्हणणं हे सोपवणं नव्हे. ‘बघ’ म्हणजे वाच, तपास, की दर महिन्याला कर? या बोलण्यात मी सगळ्यात आधी काम कशासाठी आहे ते सांगतो. ‘हा रिपोर्ट बघून पुढच्या महिन्याची खरेदी ठरते’ हे माहीत असलेली व्यक्ती एखाद्या शाखेचा आकडा अचानक दुप्पट दिसला तर थांबून विचारेल. ज्याला फक्त शीट भरायला सांगितलंय तो भरून मोकळा होईल. त्यानंतर काम ‘झालं’ म्हणजे काय, ते सांगायचं आणि शक्यतो आधीचा एक चांगला नमुना समोर ठेवायचा. नमुन्यावर बोट ठेवून ‘हे असं का केलंय’ हे सांगितलं की दोन पानांच्या सूचना लिहायची गरज उरत नाही.

मुदत सांगताना खोटी तारीख देऊ नका. वर १० तारखेला पाठवायचं असेल तर तसंच सांगा: ‘वर १० ला जातो. मला ७ ला हवा, कारण मधले तीन दिवस दुरुस्तीसाठी ठेवतोय.’ ७ हीच खरी मुदत आहे असं भासवलंत तर ते एकदा कळतंच आणि त्यानंतर तुमची कोणतीच तारीख कुणी खरी धरत नाही.

आता अधिकाराकडे येऊ, कारण गाडी नेमकी इथेच अडते. ‘काम दिलं’ या दोन शब्दांत निदान पाच वेगवेगळे अर्थ असू शकतात. माहिती काढून आण, ठरवतो मी. पर्याय घेऊन ये आणि त्यातला कोणता घ्यावा ते तुझं मत सांग. तू ठरव, पण करण्याआधी मला दाखव. तू ठरव, कर आणि मग कळव. आणि शेवटचा: कर, मला कळवायचीही गरज नाही. तुमच्या मनात तिसरा असेल आणि तिने चौथा समजून ग्राहकाला मेल पाठवून टाकला, की तुम्ही म्हणता ‘न विचारता केलं’. तुमच्या मनात चौथा आणि तिच्या मनात दुसरा असेल तर ‘साधं एवढंही स्वतः ठरवता येत नाही’. म्हणून पायरी स्पष्ट बोला, आणि एकाच कामातल्या वेगवेगळ्या निर्णयांसाठी ती वेगवेगळी ठेवली तरी चालते. रिपोर्टचं स्वरूप, तक्त्यांची रचना, कुणाकडून आकडे कधी मागायचे हे सगळं तिचं. अकाउंट्सशी फरक दोन टक्क्यांच्या आत असेल तर तळटीप देऊन पुढे जायचं, त्यावर असेल तर तुम्हाला विचारायचं. वर जाणारा मेल पहिले तीन महिने तुम्ही बघून जाणार, चौथ्यापासून थेट तिच्याकडून. अशी आकड्यांत किंवा तारखेत बसणारी सीमा घातली की रोजचे ‘विचारू का नको’ संपतात.

बोलणं झाल्यावर ‘समजलं ना?’ हा प्रश्न टाळा. त्याला ‘हो’ याखेरीज उत्तर येत नाही, आणि समजलं नाही म्हणायला धीर लागतो. त्याऐवजी विचारा, ‘सुरुवात कुठून करशील? कुठे अडेल असं वाटतंय?’ तिच्या उत्तरात तुम्ही सांगायचं विसरलेलं दोन मिनिटांत उघडं पडतं. लष्करातही हीच रीत आहे: आदेश मिळालेला अधिकारी आपण काय करणार आहोत ते वरिष्ठाला उलट सांगतो, फरक असेल तर तो तिथल्या तिथे मिटतो. मग तिलाच चार-पाच ओळींचा मेल करायला सांगा: काय करायचं, कधीपर्यंत, मी काय ठरवणार, काय विचारणार. हा मेल तुम्ही लिहायचा नाही. तिने लिहिला तरच तिला काय समजलंय ते तुम्हाला दिसेल.

पुढची गोष्ट हमखास राहून जाते: बाकीच्यांना सांगणं. शाखांचे लोक वर्षानुवर्षं आकडे तुम्हाला पाठवतात. काम हिच्याकडे गेलंय हे त्यांना माहीतच नाही, त्यामुळे तिने मागितलेल्या मेलला उत्तर येत नाही, आणि आलेलं उत्तर तुमच्या इनबॉक्समध्ये येतं. ज्या दिवशी काम द्याल त्याच दिवशी सगळ्यांना दोन ओळी पाठवा: ‘या महिन्यापासून हा रिपोर्ट त्या बघतील. आकडे ४ तारखेपर्यंत त्यांच्याकडे द्यावेत, त्यातल्या शंका त्याच सोडवतील.’ लागणाऱ्या फोल्डरचा आणि सिस्टीमचा ॲक्सेसही त्याच दिवशी मागा. आणि हे केल्यावरही कुणीतरी जुन्या सवयीने तुम्हालाच फोन करेल. पटकन उत्तर देऊन टाकायचा मोह होईल, उत्तर तुम्हाला येतही असेल. ‘त्यांना विचारा, आता त्याच बघतात’ एवढंच म्हणा. तुम्ही एकदा उत्तर दिलंत की तिचा अधिकार कागदावरच राहिला.

तपासणी कधी करायची, यावर माझं मत ठाम आहे: लवकर. लोक काम अर्धं झाल्यावर किंवा मुदतीच्या आदल्या दिवशी बघतात, तोवर एकच गैरसमज सगळ्याच शाखांच्या आकड्यांत शिरलेला असतो. दहा-वीस टक्के काम झालं की बघा. ‘पहिल्या एका शाखेचं करून मला दाखव, मग बाकीच्या घे.’ पंधरा मिनिटांत कळतं की गाडी रुळावर आहे का. त्यानंतर साधारण मध्यावर एकदा आणि शेवटी एकदा. या तीन वेळा आधी ठरलेल्या असल्या की मधे-मधे ‘कुठवर आलं?’ विचारत फिरावं लागत नाही, आणि तिलाही सतत कुणी मानेवर बसलंय असं वाटत नाही. मायक्रोमॅनेजमेंटची, म्हणजे बारीकसारीक गोष्टींत लुडबुड केल्याची, तक्रार तपासण्याबद्दल फारशी नसते, अवचित तपासण्याबद्दल असते.

मग येतो ‘सर, जरा अडलंय’चा प्रसंग. तुम्ही घाईत असता, म्हणता, ‘ठेवून जा, बघतो मी.’ या क्षणी काम तुमच्या टेबलावर परत आलं. ती निवांत, आणि संध्याकाळी ‘सर, बघितलंत का?’ असा फॉलो-अप तीच तुमच्याकडे करणार. विल्यम ऑन्केन आणि डोनाल्ड वॉस यांनी १९७४ मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमधल्या लेखात याला खांद्यावरून खांद्यावर उडी मारणाऱ्या माकडाची उपमा दिली होती, आणि तो प्रसंग आजही कुठल्याही ऑफिसात जसाच्या तसा दिसतो. यावर उपाय म्हणजे बोलणं संपताना पुढची कृती कुणाची, हे ठरलेलं असणं. ‘काय अडलंय? तू काय काय करून पाहिलंस? तुला काय करावंसं वाटतं?’ या तीन प्रश्नांनंतर अर्धी माणसं स्वतःच उत्तर देऊन जातात. उरलेल्यांना दिशा द्या, पण फाइल त्यांच्याच हातात परत द्या.

याचा अतिरेकही होतो, तेवढं बघा. तिला ज्या विभागाचा मॅनेजर दाद देत नाही, जो ॲक्सेस तुमच्या सहीशिवाय मिळत नाही, जिथे दोन वरिष्ठ एकमेकांविरुद्ध सांगतायत, तिथे ‘तुला काय वाटतं?’ विचारणं निव्वळ पळवाट आहे. ते अडथळे दूर करणं हे तुमचंच काम आहे, आणि ते त्याच दिवशी करा.

काम हाती आल्यावर ते ‘चुकलंय’ की फक्त ‘माझ्यासारखं नाही’ हे आधी वेगळं करा. तक्ता तुम्ही उभा करायचात, तिने आडवा केला. आकडे बरोबर, वाचणाऱ्याला कळतंय, तर सोडून द्या. तो बदलायला लावलात तर पुढच्या वेळी ती डोकं बाजूला ठेवून तुम्हाला काय आवडेल एवढंच शोधत बसेल. खरी चूक असेल तर स्वतः फाइल उघडून दुरुस्त करू नका. खुणा करून परत द्या आणि एका फेरीत मोठ्या दोन-तीन चुकांवरच बोला. वीस खुणांची लाल फाइल बघून कुणीच शिकत नाही. मुदतीला तासभरच राहिला असेल तर अर्थात तुम्हीच दुरुस्त करून पाठवा, पण दुसऱ्या दिवशी दहा मिनिटं तिला शेजारी बसवून काय बदललं आणि का, ते दाखवा. हे दाखवणं राहिलं की पुढच्या महिन्यात तीच चूक तशीच येते.

काम वारंवार परत येत असेल तर कारण शोधा, आणि ती कारणं मिसळू नका. येत नसेल तर शिकवावं लागेल. काय हवंय तेच कळलं नसेल तर दोष सांगणाऱ्याचा आहे. करायची इच्छा नसेल तर वेगळं बोलणं लागेल, बहुधा अस्वस्थ करणारं. आणि वेळच नसेल तर वरच्या तिन्हींचा काही उपयोग नाही. हे चौथं कारण सर्रास आढळतं आणि मॅनेजरच्या ध्यानात सगळ्यात उशिरा येतं, कारण आपण काम देताना आधीचं काम काढून घेत नाही. नवं काम देताना ‘हे घेतलंस तर तुझं कोणतं मागे पडेल?’ असं विचारा आणि जे पडणार ते पडू द्यायचं, दुसऱ्याला द्यायचं की बंदच करायचं, ते तिथेच ठरवा. सात जणांची नावं आणि प्रत्येकापुढे हातातली कामं अशी एक साधी यादी काढलीत तर दिसेल की जे हुशार आणि ‘नाही’ न म्हणणारे एक-दोघे आहेत, सगळं त्यांच्याच पानात पडतंय. ते थकून सोडून जातात आणि बाकीचे पाच जण शिकायचे राहून जातात.

काय सोपवू नये तेही सांगतो. टीममधल्या कुणाचं अप्रेझल, पगाराचं बोलणं, शिस्तीची कारवाई, दोघांमधलं भांडण, गोपनीय माहिती. हे तुमचंच. जिथे नियमाने तुमची सही लागते तिथे तयारी दुसऱ्याने केली तरी सही करण्याआधी वाचायचं तुम्हालाच आहे. जे काम कशासाठी आहे हे तुम्हालाच कळलेलं नाही, तेही देऊ नका, आधी ज्याने मागितलंय त्याला विचारा. आणि सोपवायचं म्हणून फक्त कंटाळवाणी कामं खाली ढकलू नका. लोकांना ते लगेच कळतं. किचकट डेटा भरायला देताय तर त्याच डेटाचं मीटिंगमधलं सादरीकरणही तिलाच द्या.

श्रेयाचं अगदी थोडक्यात: चांगलं झालं तर नाव तिचं, वरच्या मेलमध्ये लिहून. चुकलं तर वरिष्ठांसमोर ‘माझ्या टीमकडून चूक झाली, मी बघतो’ एवढंच, नाव न घेता. नाव घेतलंत तर ते तासाभरात टीममध्ये पोहोचतं आणि त्यानंतर स्वतःहून काम उचलायला कुणी पुढे येत नाही.

शेवटचा अडथळा तुमच्या प्रश्नात नाही, पण चौथ्या-पाचव्या महिन्यात तो येईलच. मीटिंगमध्ये वरिष्ठ त्या रिपोर्टमधल्या एखाद्या आकड्याचं कारण विचारतील आणि तुम्हाला सांगता येणार नाही, कारण रिपोर्ट आता तुम्ही करत नाही. तेव्हा कसंनुसं होतं आणि त्याच रात्री पुन्हा सगळी शीट स्वतः चाळायची इच्छा होते. तसं करू नका. ‘हे आमच्याकडे त्या बघतात, तासाभरात उत्तर मिळेल’ असं सांगा आणि तासाभरात ते खरंच मिळेल याची व्यवस्था करा. दर महिन्याला रिपोर्ट पाठवताना तिच्याकडून सोबत तीन ओळी मागून घ्या: या वेळी कोणता आकडा सगळ्यात जास्त हलला, का हलला आणि कोणत्या आकड्याबद्दल तिला अजून खात्री नाही. मीटिंगला जाण्याआधी तेवढं वाचलं तरी बहुतेक प्रश्नांना पुरतं.